गवताळ वाढ : आपल्याच बेलापूरची नोंद आणि उसातली साखरेची वाट



आजची नोंद जरा लांब आहे. चहा घेऊन बसा. उसाच्या कांडीत साखर कोणत्या वाटेनं जाते, ती वाट माणसाला कशी सापडली, आणि त्याच वाटेनं जाणारा एक रोग आपल्या नगर जिल्ह्यात पहिल्यांदा कसा नोंदला गेला, असा हा इतिहास आहे. सुरुवात मात्र माझ्या चुकीपासून करतो, कारण ती चूक झाली नसती तर मी हे वाचायला बसलोच नसतो.

चार वर्षांपूर्वी पाटाच्या कडेचा तीस गुंठ्यांचा तुकडा निडव्याला ठेवला होता. फुटवे आले तेव्हा मी खूश. एकेका बेटाला तीस-चाळीस कोंब! पण महिन्याभरात लक्षात आलं की काही बेटं उसासारखी दिसतच नाहीत. बारीक, गवतासारखे फुटवे, पानं फिकट पिवळी, काही तर दुधासारखी पांढरी. कांडीचा पत्ता नाही.

आपली जमीन चुनखडीची. पांढरं दिसलं की आपण म्हणतो, "केवडा पडला." मीही तेच म्हटलं आणि हिराकस फवारलं. एकदा, मग परत एकदा. शेजारचा खरा केवडा पडलेला पट्टा हिरवा झाला, ही बेटं तशीच राहिली. तेव्हा एका कृषी सहायकानं बांधावरूनच सांगितलं, "हा केवडा नाही, गवताळ वाढ आहे. बेटं खणून काढा."

खरी कळ पुढं आहे. आदल्या वर्षी हाच तुकडा खोडवा असताना मी त्यातलं बेणं माझ्या मेहुण्याला दीड एकरासाठी दिलं होतं. लागणीतलं बेणं संपलं होतं, खोडवा डोळ्यांना चांगला दिसत होता, म्हणून दिला. पैसेही घेतले नव्हते. त्याच्या शेतातही तेच निघालं. तो भांडला नाही. एवढंच म्हणाला, "दाजी, बेणं तर तुमच्याच घरचं होतं." त्यापेक्षा भांडला असता तर बरं.

मग मी शोधायला लागलो की हा रोग आला कुठून. जे सापडलं त्यानं थोडा चक्रावलोच. गवताळ वाढीची भारतातली पहिली नोंद परमुलखातली नाही. १९४९ साली आपल्या बेलापूरजवळ हा रोग पहिल्यांदा पाहिला गेला आणि डॉ. बी. एल. चोना या रोगशास्त्रज्ञांनी तो पुढं शास्त्रीय लिखाणात मांडला. जगभरात या रोगावर कुणीही लिहिलं की सुरुवातीच्या ओळींत बेलापूरचं नाव येतं. आपल्याला मात्र ते ठाऊक नसतं.

ते साल कोणतं होतं बघा. भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालेलं. प्रवरेच्या पाटाखाली ऊस वाढलेला. हरेगावला बेलापूर कंपनीचा खासगी कारखाना आधीपासून चालू होता. १९४८ च्या शेवटी लोणीला प्रवरा सहकारी कारखान्याची नोंदणी झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची ती धडपड आपण सगळे शाळेपासून ऐकतो. पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. म्हणजे शेतकरी स्वतःच्या मालकीचा कारखाना उभा करत होता, आणि त्याच दिवसांत, त्याच पाटाखाली हा रोग डोळ्यांसमोर आला. कारखाना आला की ऊस वाढतो, ऊस वाढला की बेणं गावोगाव फिरतं. बेण्याबरोबर आणखी काय फिरतं ते त्या वेळी कुणालाच दिसत नव्हतं. दिसणार तरी कसं? तो रोग ज्या नळीत राहतो ती नळी नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही.

आता त्या नळीकडं वळू. ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

आपल्याकडं डाळिंबाची गुटी बांधतात हे माहीतच आहे. फांदीची साल इंचभर गोल काढायची, ओलं शेवाळ लावून बांधायचं. फांदी वाळत नाही. पानं हिरवीच राहतात, म्हणजे पाणी वर जातंय. पण सालीच्या कापाच्या वरच्या कडेला फुगवटा येतो आणि तिथंच मुळ्या फुटतात. खालच्या कडेला काही होत नाही. याचा अर्थ सरळ आहे. पाण्याची वाट आत लाकडातून आहे, ती तुटली नाही. पानातून खाली येणाऱ्या अन्नाची वाट सालीतून आहे, ती तुटली, म्हणून अन्न वरच्या कडेला साचलं.

हाच प्रयोग इटलीत मार्चेल्लो माल्पिगी यानं १६७० च्या दशकात केला. झाडांची साल गोल काढून त्यानं फुगवटा पाहिला आणि लिहून ठेवलं की पानात काहीतरी तयार होऊन सालीवाटे खाली येतं. १७२७ साली इंग्लंडच्या स्टीफन हेल्स यानं मोजमापं करून दाखवलं की पानांतून पाणी उडून जातं आणि त्या ओढीनं मुळांकडून नवं पाणी वर चढतं. १८३७ मध्ये जर्मनीत थिओडोर हार्टिग याला सूक्ष्मदर्शकाखाली सालीतल्या त्या नळ्या दिसल्या. नळीच्या प्रत्येक जोडावर चाळणीसारखी भोकं. म्हणून त्यांना चाळणी-नलिका म्हणतात. शाळेच्या पुस्तकात आपण शिकलो त्या याच : पाणी नेणाऱ्या जलवाहिन्या आणि अन्नरस नेणाऱ्या रसवाहिन्या.

या दोघींत एक मोठा फरक आहे. जलवाहिनीच्या पेशी कामाला लागतात त्या मेल्यावर. आतलं सगळं जाऊन नुसती कडक भिंत उरते, पाइपासारखी. रसवाहिनीच्या पेशी मात्र जिवंत असतात. त्यांच्यात केंद्रक राहत नाही, म्हणून शेजारी एक सोबतीण पेशी असते, ती त्यांचा संसार चालवते. पानात साखर भरली की नळीत पाणी ओढलं जातं, दाब वाढतो आणि रस कमी दाबाकडं वाहतो. ही दाबाची कल्पना अर्न्स्ट म्यूंख यानं १९३० साली मांडली. रस तासाला साधारण अर्धा-एक मीटर सरकतो. आपल्या चारीच्या मानानं संथ, पण रात्रंदिवस चालू.

ऊस मात्र डाळिंबासारखा नाही. उसाला साल वेगळी काढता येत नाही, म्हणून गुटीही बांधता येत नाही. हे घरी बघायचं असेल तर एक टिपरी धारदार सुरीनं आडवी कापा आणि उन्हात धरा. पांढऱ्या गरात बारीक ठिपके दिसतील. प्रत्येक ठिपका म्हणजे नळ्यांची एक जुडी. भिंग असेल तर जुडीत दोन मोठी भोकं दिसतात, माणसाच्या डोळ्यांसारखी. त्या जलवाहिन्या. त्यांच्या बाहेरच्या अंगाला, कपाळाच्या जागी, रसवाहिन्यांचा बारीक पुंजका. आणि जुडीभोवती कडक तंतूंचं वेष्टण. ऊस सोलून खाताना दातात अडकतात ते हेच तंतू, आणि गुऱ्हाळावरच्या चिपाडातही बहुतेक हेच उरतात.

कांडीच्या मधोमध या जुड्या विरळ असतात, कडेला दाट. बांधकामात सळ्या कडेला टाकतात तसंच. म्हणून वाऱ्यात ऊस वाकतो पण लगेच मोडत नाही. जुड्यांच्या मधला जो मऊ गर आहे, त्या साध्या पेशींत साखर साठते. कारखाना आपल्याला पैसे देतो तो या गराचा. पण गर उभा राहतो तंतूंच्या जोरावर आणि भरतो नळ्यांच्या जोरावर. तंतू फार झाले तर रस कमी, कमी झाले तर ऊस लोळतो. आपल्या जिल्ह्यातल्या वाणांचा इतिहास हा या ओढाताणीचाच इतिहास आहे.

आपल्या आज्या-पणज्यांचा पाटाखालचा ऊस म्हणजे पुंड्या. जाड, मऊ, खायला गोड. पण नाजूक. त्याची जागा पुढं जावा बेटावरच्या पीओजे २८७८ नं घेतली आणि मग को ४१९ नं. आता हा जावाचा ऊस का तयार झाला ते ऐका, कारण ती गोष्ट आपल्या बेलापूरला येऊन मिळते.

१८८० च्या दशकात जावात उसाला एक रोग आला. पेरं लांबायचीच नाहीत, बेट आखूड, पानांचा नुसता झुपका. तिथले लोक त्याला सेरेह म्हणाले. सेरेह म्हणजे आपला गवती चहा! ऊस गवती चहासारखा दिसायला लागला म्हणून ते नाव. डच मळेवाले घाबरले. सुरुवातीला त्यांनी डोंगरावर, रोग नसलेल्या जागी वेगळे बेणे मळे केले आणि दरवर्षी तिथून बेणं खाली आणलं. पुढं १९२० च्या दशकात गेरार्दा विल्ब्रिंक या संशोधक बाईंनी बेणं गरम पाण्यात ठेवून रोग काढायची पद्धत दाखवली. आणि तिसरा मार्ग म्हणजे जंगली रक्त आणणं. आपल्या नदीकाठी कसाड उगवतं ना, त्याच जातीच्या रानटी गवताचं रक्त असलेला एक काटक ऊस त्यांनी संकरात वापरला. त्या वंशातून १९२१ साली पीओजे २८७८ निघाला.

इकडं भारतातही तेच चाललं होतं. कोईमतूरला १९१२ साली ऊस पैदास केंद्र सुरू झालं. चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड ऊस आणि तिथलंच रानटी गवत यांचा संकर करून को २०५ काढला. आपण वाणाच्या नावात 'को' लिहितो ते कोईमतूरचं. पुढं पीओजे २८७८ आणि को २९० यांच्यापासून को ४१९ झाला. पाडेगावच्या संशोधन केंद्राचं काम १९३२ पासून नीरेच्या काठी सुरू होतंच. को ४१९ पाटाखाली असा पसरला की दुसरं नाव निघेना.

म्हणजे बघा. जावात ज्या उसाची पैदास गवती झुपक्याच्या रोगापासून सुटण्यासाठी झाली, त्याचाच वंश आपल्याकडं को ४१९ म्हणून आला. आणि को ४१९ च्या ऐन भरात, १९४९ ला, बेलापूरजवळ दुसराच एक गवती झुपका उभा राहिला. दोन्ही रोग एक नव्हेत, दिसायला भाऊ शोभतात एवढंच. पण धडा एकच : वाण बदलला म्हणून बेण्याची काळजी सुटत नाही.

बरीच वर्षं शास्त्रज्ञ म्हणायचे, हा विषाणू आहे. बुरशी दिसत नाही, जिवाणू वाढवता येत नाही, मग विषाणूच असणार. १९६७ साली जपानमध्ये दोई आणि सहकाऱ्यांनी तुतीच्या खुज्या पडलेल्या झाडाची रसवाहिनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. नळीत गोलसर, लवचिक जीव भरलेले दिसले. जिवाणूच, पण अंगाभोवती पेशीभित्तिका नाही. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. त्यानंतर गवताळ वाढीच्या उसातही तेच निघाले. वांग्यातला पर्णगुच्छ आणि तिळाचा पर्णगुच्छ हीसुद्धा त्याच कुळातली मंडळी.

भित्तिका नाही म्हणूनच ते चाळणीच्या भोकातून अंग चोरून पुढं सरकतात. जिवंत, गोड रसानं भरलेली नळी हेच त्यांचं घर. साखर जिकडं जाते तिकडं ते जातात. पानातून कांडीत, कांडीतून बुडख्यात, आणि प्रत्येक डोळ्याच्या दारापर्यंत. तिथं ते झाडाच्या संप्रेरकांचा हिशेब बिघडवतात. शेंड्याचा धाक जातो, झोपलेले डोळे एकदम फुटतात. म्हणून तीस-चाळीस कोंब, पण एकाचीही कांडी होत नाही.

खोडव्यात रोग जास्त का दिसतो तेही आता कळतं. ऊस तोडला तरी बुडखा जमिनीत जिवंत असतो, त्यातल्या नळ्या जिवंत असतात. नवे कोंब त्याच नळ्यांवर पोसतात. लागणीत दबलेला रोग खोडव्यात उघडा पडतो, निडव्यात थैमान घालतो. मी मेहुण्याला बेणं दिलं तेव्हा खोडवा हिरवागार होता. रोग आत होता, मला दिसला नाही.

केवडा आणि गवताळ यांतला फरकही नळीतच आहे. लोह रसवाहिनीतून जुन्या पानांकडून नव्याकडं सहज जात नाही, म्हणून केवडा कोवळ्या पानांवर पडतो. शिरा हिरव्या, मधले पट्टे पिवळे. हिराकस फवारलं की नवं पान सुधारतं, आणि फुटव्यांची संख्या काही वाढत नाही. गवताळमध्ये अख्खं पान फिकट, फुटवे भरमसाट आणि बारीक, फवारणीनं फरक शून्य. माझे दोन फवारे वाया गेले, तुमचे जाऊ नयेत.

आता उपाय. गंमत म्हणजे जावावाल्यांचे जुने मार्गच थोड्या फरकानं आजही चालू आहेत.

पहिला उपाय उष्णतेचा. बेण्याला उष्ण बाष्प प्रक्रिया देतात : ५४ अंश सेल्सिअस, दमट हवा, १५० मिनिटं. या तापमानाला नळीतला फायटोप्लाझ्मा मरतो आणि डोळा जेमतेम तग धरतो. दोघांच्या सहनशक्तीत अंतर थोडंच आहे, म्हणून हे काम घरच्या काहिलीत करू नका. तापमान जास्त गेलं तर डोळे मरतात, कमी राहिलं तर रोग राहतो. संशोधन केंद्रं आणि बऱ्याच कारखान्यांकडं याची यंत्रं आहेत. त्या बेण्यापासून मूलभूत, मग पायाभूत, मग प्रमाणित असं तीन पायऱ्यांनी बियाणं वाढवत आणतात.

दुसरा उपाय ऊती संवर्धनाचा. मला सगळ्यात पटलेला. उसाच्या शेंड्याचं अगदी टोक घेतात. तिथल्या पेशी नुसत्या विभागत असतात, त्यांच्यात अजून जलवाहिनी नाही, रसवाहिनी नाही. नळीच झालेली नाही, तर नळीतला रोग पोचणार कसा? त्या टोकापासून प्रयोगशाळेत रोपं करतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये अशी रोपं मिळतात. रोप महाग वाटतं, पण ते ऊस लावायला नाही, बेणे मळा करायला घ्यायचं असतं. दोन-चार गुंठ्यांपासून पुढं वाढवायचं.

तिसरा उपाय आपल्या हातातला. गवताळ बेट दिसलं की मुळासकट खणून बाहेर काढा. नुसतं कापलं तर ते पुन्हा फुटतं, आणि तुडतुडे रस शोषताना रोग पुढच्या बेटाला नेतात. खोडव्याचं बेणं घेऊ नका. नऊ ते अकरा महिन्यांचं, बेणे मळ्यातलंच बेणं लावा आणि तीन-चार वर्षांनी बदला.

जाता जाता दुसऱ्या नळीचंही सांगतो. खोडव्याची वाढ खुंटवणारा एक जिवाणू आहे, लायफसोनिया झायली. तो जलवाहिनीत राहतो आणि ती तुंबवतो. नावातलं झायली म्हणजेच जलवाहिनी. तो तुडतुड्यांवर अवलंबून नाही. रोगट ऊस तोडलेल्या कोयत्याला रस लागतो आणि पुढची टिपरी तोडताना आत जातो. म्हणून बेणं तोडताना कोयता मधूनमधून जंतुनाशकात बुडवा. ऊसतोड टोळीला हे सांगून उपयोग नाही, त्यांची घाई वेगळी. पण बेणं आपण तोडतो, तिथला कोयता आपल्या हातात असतो.

माझ्या निडव्याचं काय झालं? सगळा तुकडा मोडला, हरभरा केला. पुढच्या वर्षी ऊती संवर्धित रोपांचा चार गुंठ्यांचा बेणे मळा केला. त्यातलं पहिलं बेणं दहाव्या महिन्यात तोडलं आणि स्वतः ट्रॅक्टरनं मेहुण्याकडं नेऊन टाकलं. लावताना दोघांनी मिळून कोयता बुडवत टिपऱ्या केल्या. त्याच्या रानात यंदा खोडवा आहे. परवा दोघं सरीसरीनं फिरलो. एक बेट संशयाचं वाटलं, ते त्यानंच खणून काढलं. म्हणाला, "दाजी, असू दे नसू दे, ठेवायचं कशाला."

सत्तर-पंच्याहत्तर वर्षांपूर्वी बेलापूरजवळच्या शेतकऱ्याला हे बेट दिसलं तेव्हा त्याला सांगणारं कुणी नव्हतं. आपल्याला सगळं माहीत आहे. तरी आपण बांधावरून हिरवा दिसणारा खोडवा बघतो आणि पाहुण्याला म्हणतो, "घेऊन जा, घरचंच आहे." घरचं असलं तरी आधी बेटं तपासा. मग द्या.

राम राम.